रोठा, धोतरा आणि मूत्राशयाचे दूत



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून थोरांची चरित्रे, इतिहासातील पराक्रम आणि संतांची शिकवण ऐकण्याचा आपला परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. आज मी मात्र जनावरांच्या मूत्राशयाविषयी आणि मूत्रमार्गाविषयी बोलण्यासाठी उभा आहे. सभेत ह्या अवयवांचे नाव उच्चारताना पुष्कळांना संकोच वाटतो हे मी जाणतो. परंतु लघवी तुंबलेला बैल गोठ्यात पाय झाडीत, दात खात, शेपटी वर करून पुन्हा पुन्हा जोर करतो आणि जमिनीवर थेंबही पडत नाही, हे ज्याने एक रात्र जवळ बसून पाहिले असेल, त्याला हा विषय क्षुद्र किंवा ओंगळ वाटणे शक्य नाही. हृदय आणि मेंदू ह्यांची थोरवी कोणीही गातो. जो अवयव अहोरात्र मुकाट्याने साठवण करतो आणि योग्य वेळी मुकाट्याने रिकामा होतो, त्याचा कारभार चालतो तरी कसा, हे विचारणारे थोडे.

आणि हा प्रश्न श्रीवर्धनात विचारण्यास एक विशेष कारण आहे. आपल्या गावाच्या अंगाला लागून असलेल्या पोफळीच्या ज्या वाड्या २०२० च्या जून महिन्यातील निसर्ग चक्रीवादळाने आडव्या केल्या आणि ज्या आपण पुन्हा उभ्या करीत आहोत त्या वाड्या जो रोठा, म्हणजे आपली सुपारी, पिकवितात, त्या रोठ्यात ह्या विषयाची एक किल्ली दडलेली आहे. कच्ची सुपारी खाल्ल्यावर एखाद्याला सुपारी लागते. छातीत कोंडल्यासारखे होते, कानशिले तापतात, कपाळावर घाम फुटतो, डोके गरगरते. घरातील वडील मंडळी त्याला पाणी देतात, थोडा गूळ किंवा मीठ देतात, आणि काही वेळाने तो सावरतो. त्या घटकाभरात त्याच्या शरीरात काय घडले? सुपारीतील एका द्रव्याने त्याच्या मज्जातंतूंच्या एका दूताचे सोंग घेतले आणि घर्मग्रंथींपासून आतड्यापर्यंत सर्वत्र हुकूम सोडले. त्या द्रव्याचे नाव ॲरेकोलीन. यान्स नावाच्या जर्मन रसायनज्ञाने ते १८८८ साली सुपारीतून वेगळे केले. ते ज्या दूताचे सोंग घेते त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. मूत्राशयाला आकुंचन पावण्याचा हुकूम पोचविणारा मुख्य दूतही तोच.

मूत्राशयाची घडण प्रथम थोडक्यात सांगतो. वरचा फुगीर भाग म्हणजे कोश, खाली निमुळती होत जाणारी ग्रीवा, आणि तेथून पुढे मूत्रमार्ग. ह्या सर्वांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू आहेत. हातापायाच्या स्नायूंप्रमाणे ते आपल्या इच्छेने हलत नाहीत. ह्या स्नायूंना दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात. साठवण चालू असताना कोश सैल राहिला पाहिजे आणि ग्रीवा घट्ट मिटलेली असली पाहिजे. विसर्जनाच्या वेळी कोशाने आवळावे आणि ग्रीवेने त्याच क्षणी मोकळे व्हावे लागते. दोहोंपैकी एकाने दिरंगाई केली तर जनावर एक तर गळू लागते, नाही तर तुंबते. हा मेळ घालण्यासाठी पाठीच्या कण्यातून दोन प्रकारचे मज्जातंतू येतात: कमरेच्या भागातून अनुकंपी आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या भागातून परानुकंपी. ह्या दोघांवर मेंदूच्या बुंध्यातील एका केंद्राचा अंमल असतो, हे बॅरिंग्टन ह्या इंग्रज शल्यवैद्याने १९२५ च्या सुमारास मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले. मेंदूची कथा मात्र आज बाजूला ठेवतो. मला बोलायचे आहे ते मज्जातंतूच्या शेवटच्या टोकाविषयी, जेथे विद्युत्-संदेश संपतो आणि रसायन सुरू होते.

मज्जातंतू स्नायूला आज्ञा देतो म्हणजे नेमके काय करतो? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वसाधारण समजूत अशी होती की, विद्युत्-लहरच थेट स्नायूत उडी घेते. केंब्रिजला लँग्ली ह्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या एलियट नावाच्या तरुणाने १९०४ साली एक निराळीच कल्पना मांडली. अनुकंपी मज्जातंतू उत्तेजित केल्यावर अवयवांत जे परिणाम दिसतात, तेच ॲड्रिनलीन टोचल्यावर दिसतात. तेव्हा मज्जातंतूच आपल्या टोकाशी असे एखादे द्रव्य सोडीत नसेल कशावरून? कल्पना विलक्षण होती आणि तिला तत्काळ फारसा आश्रय मिळाला नाही. पुढे तो गृहस्थ प्रयोगशाळा सोडून वैद्यकीत गेला. परंतु १९०७ साली त्याने मूत्राशय आणि मूत्रमार्ग ह्यांच्या मज्जातंतूंवर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. त्याची मोठी देणगी ही की, एकाच जातीच्या प्राण्यावर समाधान न मानता त्याने अनेक जातींची तुलना केली. मांजराच्या मूत्राशयाचा कोश ॲड्रिनलीनने सैल पडतो. आपल्या मुंगसाएवढ्या फेरेट नावाच्या प्राण्याचा कोश त्याच ॲड्रिनलीनने आवळतो. द्रव्य एक, अवयव एक, आणि परिणाम मात्र थेट उलटे!

हे कसे संभवते? पेशवे घराण्याच्या ह्या मूळ गावी एक दाखला देणे अप्रस्तुत होणार नाही. हुजुरातून जासूद निघावा, त्याच्याजवळच्या थैलीतील पत्र एकच असावे, आणि तरी एका किल्ल्याच्या किल्लेदाराने ते वाचून दरवाजा उघडावा, दुसऱ्याने तो लावून घ्यावा, कारण दोघांना पूर्वीच मिळालेल्या सूचना निराळ्या आहेत. स्नायूच्या पेशीवर असे किल्लेदार बसलेले असतात. त्यांना शास्त्रात ग्राही म्हणतात. लँग्लींनी १९०५ साली अशा ग्राहक द्रव्याची कल्पना मांडली, आणि माझ्या मते औषधिशास्त्रात त्याहून फलदायी कल्पना दुसरी झाली नाही. आज मला जे सांगायचे आहे ते सारे ह्या एका गोष्टीत आहे: दूताच्या अंगी स्वतःचा असा परिणाम नसतो, परिणाम ठरवितो तो ग्राही, आणि ग्राही जातीजातीत, अवयवाच्या भागाभागात, किंबहुना रोगात आणि आरोग्यात निराळा असतो.

दूताचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९१४ साली हेन्री डेल ह्यांनी ॲसिटिलकोलीनच्या कार्याचे बारकाईने वर्णन केले. १९२१ साली ओटो लोव्ही ह्यांनी बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्यातला द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला आणि तेही मंदावलेले दाखविले. १९२९ साली डेल आणि डडली ह्यांनी बैलाच्या व घोड्याच्या प्लीहेतून ॲसिटिलकोलीन प्रत्यक्ष वेगळे केले. ते द्रव्य प्राण्याच्या शरीरात नैसर्गिकपणे असते ह्याची साक्ष प्रथम एका बैलाने आणि एका घोड्याने दिली, हे आपण पशुपालकांनी विसरू नये. डेल आणि लोव्ही ह्यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रयोगशाळेच्या मेजापाशी चला. गिनीपिगच्या मूत्राशयाच्या भिंतीची एक बारीक पट्टी कापून ती क्षारयुक्त कोमट द्रावणात टांगतात, द्रावणातून प्राणवायूचे बुडबुडे सोडतात, पट्टीचे एक टोक स्थिर करतात आणि दुसरे एका हलक्या तरफेला बांधतात. माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी ती तरफ काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर पांढरी रेघ ओढताना पाहिली आहे. द्रावणात ॲसिटिलकोलीन टाकताच रेघ वर चढते. ते धुऊन काढून ॲरेकोलीन टाकले तरी रेघ तशीच चढते. मग धोतऱ्याच्या कुळातील ॲट्रोपीन थोडेसे घालून तेच दोन्ही प्रयोग पुन्हा करा. रेघ हलतही नाही. ॲट्रोपीन ग्राहीचे आसन अडवून बसते, स्वतः काही आज्ञा देत नाही आणि दुसऱ्या कोणाची आज्ञा पोचू देत नाही. धोतऱ्याचे बी पोटात गेलेल्या माणसाची लक्षणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत: घशाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, बरळणे, आणि त्यांच्याच जोडीने लघवी तुंबणे. माणसाच्या मूत्राशयाचा दूत अडविला गेला, म्हणून ती तुंबली.

येथवर सर्व सरळ आहे. आता जी गाठ लागते तिनेच ह्या विषयाला गोडी आणली.

त्याच पट्टीला, ॲट्रोपीन द्रावणात असतानाच, विजेचे हलके झटके देऊन तिच्या अंगातील मज्जातंतू उत्तेजित करा. ॲसिटिलकोलीनचा मार्ग तर बंद आहे. पट्टीने निपचित राहावयास हवे. परंतु ती आवळते! पूर्वीइतकी नाही, तरी स्पष्टपणे आवळते. लँग्ली आणि अँडरसन ह्यांनी १८९५ सालीच नमूद केले होते की, मूत्राशयाच्या मज्जातंतूंचे कार्य ॲट्रोपीनने पुरते थांबत नाही. विजेचा झटका स्नायूलाच थेट बसला असेल, अशी शंका कोणी घेईल. तिचे निरसन एका माशाच्या विषाने होते. आपले कोळी ज्याला केंड म्हणतात त्या फुगणाऱ्या माशाच्या कुळात सापडणारे हे विष मज्जातंतूंतील संदेश थांबविते, स्नायूला हात लावीत नाही. आणि ते घातल्याबरोबर पट्टी निपचित पडते. म्हणजे आज्ञा मज्जातंतूकडूनच येत होती, दूत मात्र दुसरा होता. कोण हा दुसरा?

पाऊण शतक हा प्रश्न लोंबकळत राहिला. अनेकांनी अनेक खुलासे केले. ॲट्रोपीन आतपर्यंत पोचत नसेल, असाही एक होता. १९७० साली अँबाश आणि झार ह्यांनी गिनीपिगच्या मूत्राशयावर अत्यंत चोख प्रयोग करून दाखविले की, हा दूत ॲसिटिलकोलीन असू शकत नाही. दोन वर्षांनी, १९७२ साली, जेफ्री बर्नस्टॉक ह्यांनी त्याचे नाव सुचविले: एटीपी. शाळेतल्या मुलालाही हे नाव ठाऊक असते, पेशीच्या आत शक्तीचा साठा म्हणून. तेच द्रव्य पेशीबाहेर दूत म्हणून वावरते ही गोष्ट शास्त्रज्ञांना इतकी अवघड वाटली की, त्या माणसाला वीस वर्षे विरोध सोसावा लागला. परंतु पुरावा साचत गेला. एटीपीच्या ग्राहींना आधी थकवून बधिर केले की पट्टीचे ते उरलेले आकुंचनही नाहीसे होते. १९९४ साली त्या ग्राहींची रचना हाती आली. पुढे त्यांतला एक ग्राही जन्मतःच नसलेले उंदीर तयार करण्यात आले, आणि त्यांच्या मूत्राशयात ॲट्रोपीनला न जुमानणारे आकुंचन उरले नाही. विज्ञानातील विरोध हा द्वेषातून आला नाही तर तो उपकारक असतो, असे मला ह्या प्रकरणावरून नेहमी वाटत आले आहे. विरोधकांनी जी जी शंका काढली, तिच्यापायी एक एक प्रयोग अधिक निर्दोष होत गेला.

दोन दूतांची कामाची रीतही भिन्न आहे. एटीपीचे आकुंचन झटकन येते आणि झटकन ओसरते. ॲसिटिलकोलीनचे सावकाश चढते आणि टिकते. गिनीपिग, उंदीर, ससा, मांजर ह्यांच्यात दोघेही राबतात. निरोगी माणसात मात्र जवळजवळ सारे काम एकटा ॲसिटिलकोलीन करतो, आणि एटीपीचा वाटा दिसू लागतो तो बहुधा मूत्राशय रोगी झाल्यावर. असे का असावे? लहान प्राण्यांना जागोजागी थोडी थोडी लघवी शिंपडून आपली हद्द आखावी लागते, त्यासाठी झटपट दूत सोयीचा, असे एक अनुमान आहे. ते मला पटते. तरी ते अनुमानच आहे. व्यवहारातला निष्कर्ष मात्र अनुमानाचा नाही: गिनीपिगवर अपुरे ठरलेले औषध माणसाला गुणकारी ठरू शकते, आणि उलटही. सशाचेच पाहा, काही सशांच्या रक्तात ॲट्रोपीनचे विघटन करणारे द्रव्य आनुवंशिकतेने असते, म्हणून ते विषारी पाला खाऊनही खुशाल राहतात. अशा सशावर ॲट्रोपीनची परीक्षा करून माणसाची मात्रा कोणी ठरविली तर काय अनर्थ होईल!

अनुकंपी बाजूचे आता संक्षेपाने सांगतो. तिचा दूत नॉरॲड्रिनलीन. साठवणीच्या काळात तो एकाच वेळी दोन कामे करतो: कोशातील ग्राहींवर बसून त्याला सैल ठेवतो, आणि ग्रीवेतील व मूत्रमार्गातील निराळ्या ग्राहींवर बसून त्यांना आवळून धरतो. फेरेटचे आणि मांजराचे जे कोडे एलियटला पडले, ते येथे एकाच प्राण्याच्या एकाच अवयवात वर आणि खाली दिसते. ह्या दूताचा साठाच रिता करणारे एक द्रव्य आपल्या सह्याद्रीत उगवणाऱ्या सर्पगंधेत आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला, त्यानंतर तीन वर्षांनी तिच्यातून रेसर्पीन निघाले, आणि ते दिलेल्या प्राण्याच्या अनुकंपी मज्जातंतूंच्या थैल्या रिकाम्या होतात हे कळल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांना ह्या दूताचा अभाव अभ्यासण्याचे साधन मिळाले. पशुवैद्यकीत ह्या ज्ञानाचा उपयोग रोजचा आहे. गर्भाशय व बीजकोश काढलेल्या कुत्र्यांच्या माद्यांपैकी काहींची लघवी झोपेत गळते. मूत्रमार्गाच्या त्या आवळणाऱ्या ग्राहींना चेतविणारे औषध दिले की पुष्कळ माद्या कोरड्या राहतात. उलट, मूत्रमार्ग आखडलेल्या बोक्याला त्याच ग्राहींना अडविणारे औषध देतात.

राहता राहिला विसर्जनाचा क्षण. कोश आवळला, पण मूत्रमार्ग उघडला कोणी? नॉरॲड्रिनलीन थांबले म्हणून तो आपोआप सैल पडला, एवढ्याने भागत नाही. मेंढी, ससा आणि डुक्कर ह्यांच्या मूत्रमार्गाच्या पट्ट्यांवर १९९० नंतर झालेल्या प्रयोगांनी दाखविले की, तेथे मज्जातंतू सैल पडण्याची स्वतंत्र आज्ञा धाडतात, आणि तो दूत आहे नायट्रिक ऑक्साइड, एक वायू! त्याला थैली नाही, साठा नाही; गरजेच्या क्षणी तो तयार होतो आणि काही क्षणांत नाहीसा होतो. वायू शरीरात दूताचे काम करतो, ह्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा चार दूत झाले. आवळा म्हणून सांगणारा ॲसिटिलकोलीन आणि त्याचा झटपट साथीदार एटीपी. थांबा म्हणून सांगणारा, वर सैल व खाली घट्ट करणारा नॉरॲड्रिनलीन. आणि दार उघडणारा नायट्रिक ऑक्साइड. एवढे ध्यानात ठेवून आता माझ्याबरोबर गोठ्यात या, कारण तेथे ह्या ज्ञानाची कसोटी लागते.

पहिला प्रसंग विषबाधेचा. गोचिडांसाठी जनावराच्या अंगाला सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक अंदाजाने चोळले, किंवा फवारणी झालेला चारा त्याने खाल्ला. तासाभरात लाळेच्या तारा सुटतात, डोळ्यांतून पाणी वाहते, पातळ शेण पडते, लघवी वारंवार होते, श्वास घरघरू लागतो. ही सारी लक्षणे एकाच कारणाची आहेत. ॲसिटिलकोलीनचे काम झाले की त्याला मोडून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते; कीटकनाशकाने तेच निकामी केले, आणि दूत परत न फिरता एकसारखा हुकूम सोडीत राहिला. सुपारी लागलेल्या माणसाला जे घडीभर आणि सौम्यपणे होते, ते येथे प्राणघातक प्रमाणात होते. ह्यावरचा उतारा तोच धोतऱ्याच्या कुळातला ॲट्रोपीन, आणि तो वेळेवर मिळाला तर मरणाच्या दारातले जनावर उभे राहते. मात्र तो पशुवैद्यानेच, मात्रा तोलून द्यावयाचा. कोणी धोतऱ्याचा पाला वाटून पाजू लागेल तर दुसरी विषबाधा ओढवेल, हे मी आवर्जून सांगतो.

ओघात सुपारीविषयीही सांगितले पाहिजे. ॲरेकोलीन एके काळी पशुवैद्यकीत मानाचे औषध होते. घोड्याच्या पोटशुळावर ते देत. आणि न्यूझीलंडात कुत्र्यांच्या पोटातील पट्टकृमी बाहेर काढण्याच्या मोहिमेत तेच वापरले गेले. परंतु माणसाने सुपारी चघळल्याने मुखाचा कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखूवाचूनच्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरविले. ज्या गावाचे पोट ह्या पिकावर चालते तेथे हे बोलणे मला जड जाते. तरी ते येथे बोललो नाही तर कोठे बोलावयाचे?

दुसरा प्रसंग तुंबलेल्या बैलाचा, आणि ह्यासाठीच मी आज येथे आलो असे समजा. बैलाच्या मूत्रमार्गाला वाटेत नागमोडी वळण असते, आणि लहान वयात खच्ची केलेल्या बैलाचा मार्ग मुळातच अरुंद राहतो. खडा तेथे अडकतो. बोकडाचा खडा पुष्कळदा अगदी टोकाशी अडकतो, विशेषतः भरडा आणि कोंडा भरपूर चारून पोसलेल्या बोकडाचा. अशा वेळी मालक घाबरून लघवी सुटण्याचे औषध मागतो, आणि कोणी जाणता म्हणविणारा ते देतोही. औषध खरोखर प्रभावी असले तर काय होईल? कोश अधिक जोराने आवळेल. पुढे वाट बंद, मागून रेटा. मूत्राशय फाटेल. फाटल्यावर जनावर एकाएकी शांत होते, जोर करणे थांबविते, घासभर चाराही खाते, आणि मालक समाधानाने देवाचे आभार मानतो. पण मूत्र पोटात पसरलेले असते, पोट दोन्ही बाजूंनी सुटू लागते, आणि काही दिवसांत बैल जातो. हा शांतपणा मी पुष्कळ गोठ्यांत पाहिला आहे आणि त्याइतके दुःखद मला दुसरे काही वाटत नाही. अडथळा खड्याचा आहे की स्नायूच्या आखडण्याचा, की कोशच शक्तिहीन झाला आहे, हे ठरविल्यावाचून दूतांच्या ह्या मामल्यात हात घालणे म्हणजे फाटण्याला निमंत्रण. खडा असेल तर तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो, आणि ती वेळेत झाली तर बैल पुन्हा जुवाखाली उभा राहतो.

हे सारे ज्ञान कोणाच्या जिवावर मिळाले? मांजरे, ससे, गिनीपिग, फेरेट, मेंढ्या, बेडूक. त्यांनी संमती दिली नव्हती. १९६० साली आपल्या संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आली, आणि महाविद्यालयांतून नुसत्या शिकवणीसाठी होणारे पट्टीचे प्रयोग आता पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या पडद्यावर दाखवितात. मला हा बदल मनापासून मान्य आहे. जी रेघ एकदा ओढली गेली ती प्रत्येक वर्षी नव्या प्राण्याच्या जिवावर पुन्हा ओढण्याचे कारण नाही. परंतु मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडल्यापासून आजवर जे तेथे शिकून खेड्यापाड्यांत गेले, त्यांच्या हातून वाचलेल्या प्रत्येक जनावरामागे त्या अनाम प्राण्यांचा हिस्सा आहे, आणि ते ऋण फेडण्याचा मार्ग एकच दिसतो: त्यांच्याकडून मिळालेले ज्ञान त्यांच्याच भाऊबंदांच्या गोठ्यापर्यंत पोचविणे.

म्हणून जाण्यापूर्वी एवढे सांगतो. बैलाने, बोकडाने किंवा बोक्याने जोर करूनही लघवी केली नाही असे दिसले, तर सकाळची वाट पाहू नका, काही पाजू नका, पोट चोळू नका. शेवटची लघवी केव्हा झाली, धार होती की थेंब, त्यांत रक्त होते काय, गेल्या आठवड्यात चारा काय होता, अंगाला किंवा गोठ्यात काही फवारले होते काय, आणि जोर करता करता जनावर एकाएकी शांत तर झाले नाही ना, ह्या सहा गोष्टी नीट आठवून पशुवैद्याला पहिल्याच निरोपात कळवा. खडा, विष आणि स्नायू ह्यांतला भेद तो पुष्कळ अंशी तेवढ्यावरूनच करील, आणि येताना योग्य ते सामान घेऊन निघेल.